करुणाश्रमाचा दिनक्रम
ज्या वर्ध्यात १९४१ साली गोसेवा संघाची स्थापना झाली आणि जमनालाल बजाजांनी आयुष्याचे अखेरचे दिवस गोसेवेस वाहिले, त्याच वर्ध्यालगत पिपरी (मेघे) येथे ‘पीपल फॉर ॲनिमल्स’ या संस्थेचा करुणाश्रम जखमी व बेवारस प्राण्यांना आश्रय देतो, ही मला अत्यंत अभिमानास्पद बाब वाटते.

या आश्रमात गुरांच्या शुश्रूषेत सकाळचे पहिले काम तपासणीचे: कोणते जनावर रवंथ करीत नाही, कोणाचे शेण पातळ झाले, कोणाच्या जखमेत अळ्या पडल्या, हे पाहूनच चारा, औषध व मलमपट्टी यांचा बंदोबस्त करावा लागतो. वैदर्भीय उन्हाळ्यात सावली आणि मुबलक पाणी हेच पहिले औषध होय. अन्नासोबत गिळले जाऊन गुरांच्या पोटात साचलेले प्लास्टिक मात्र बहुधा शस्त्रक्रियेवाचून निघत नाही. म्हणून शिळे अन्न पिशवीत बांधून उकिरड्यावर कदापि टाकू नका, ही कळकळीची विनंती.