जामीन आणि जातमुचलका

आरोप ठेवला गेला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला, असे नव्हे. म्हणूनच निकाल लागेपर्यंत आरोपीला काही अटींवर मुक्त ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे. ठरावीक दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी लावणे, पारपत्र जमा करणे, साक्षीदारांवर दबाव न आणणे अशा या अटी असतात. त्या मोडल्यास जामीन रद्द होऊ शकतो.

परंतु गरिबाने जामीनदार कोठून आणावा? मध्य प्रदेशातील एका गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन मंजूर केला होता. तरीही दंडाधिकाऱ्यांनी दहा हजार रुपयांची हमी मागितली आणि भाऊ परजिल्ह्यातील म्हणून त्याची हमी नाकारली. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर, त्या गवंड्याच्या सुटकेचा आदेश दिला. आरोपीची घर, कुटुंब व कामधंद्याची मुळे गावात रुजलेली असतील, तर तो पळून जाण्याची शक्यता कमी, हा विचार १९७९ मध्ये बिहारमधील कच्च्या कैद्यांच्या प्रकरणातही याच न्यायालयाने मांडला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर तिला जातमुचलक्यावर सोडावयाचे असते; मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे यास अपवाद आहेत. त्यासाठी न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकावर आहे. हा अर्ज वेळेवर झाला, तरच कायद्याचे संरक्षण कैद्यापर्यंत पोहोचते.