वेग, साधनें आणि विवेक

रस्त्यावरील भीषण अपघाताची बातमी वाचली म्हणजे आपण बहुधा दोनच गोष्टी बोलतों : रस्ते चांगले हवे होते, आणि सरकारनें कायदा कडक करावयास हवा होता. दोन्ही मागण्या रास्त आहेत. परंतु रस्ते सुधारले, मोटारी मजबूत झाल्या, दंडाच्या रकमा वाढल्या, तरी रस्त्यावर मरणारांची संख्या हटत नाहीं. असें कां व्हावें, याचा विचार सुशिक्षित कुटुंबांनीं तरी शांतपणें केला पाहिजे असें आम्हांस वाटतें. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं. २०२३ सालीं हाच आंकडा १,७२,८९० झाला. म्हणजे रोज सुमारें पावणेपांचशें जीव गेले. २०२२ च्या मृत्यूंपैकीं शेंकडा ७१ अतिवेगाच्या सदराखालीं नोंदलेले आहेत.

साधनें निरुपयोगी आहेत, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. स्वीडनमधील नील्स बोलिन या यंत्रज्ञानें १९५९ सालीं खांद्यावरून व कमरेवरून जाणारा मोटारींतील पट्टा सिद्ध केला. त्यानें असंख्य जीव वांचविले आहेत. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर २०१६ सालीं १५१ बळी पडले होते. धोक्याच्या जागा सुधारणें, जखमींस त्वरित उपचार मिळवून देणें, नियम मोडणारांस पकडणें असे उपाय नेटानें झाल्यावर पुढील कांहीं वर्षांत ही संख्या निम्म्याहून खालीं आली. तेव्हां उपाय अवश्य व्हावेत. प्रश्न एवढाच, कीं त्यांची धांव कोठपर्यंत?

पहिली मर्यादा सृष्टिनियमांची आहे. वेग दुप्पट झाला म्हणजे धडकेची शक्ति दुप्पट होत नाहीं, चौपट होते. ताशीं ३६ किलोमीटर वेगानें भिंतीवर आदळणें म्हणजे सुमारें ५ मीटर उंचीवरून खालीं पडणें होय. वेग ७२ झाला कीं ती उंची २० मीटर होते. आणि १०८ झाला कीं सुमारें ४६ मीटर, म्हणजे पंधरा मजली इमारतीची गच्ची! त्या गच्चीच्या कठड्यावरून चालावयास कोणी सांगितलें तर आपले पाय लटपटतील. पण मोटारीच्या मऊ आसनावर, खिडक्या बंद करून, गाणें ऐकत बसलेल्या माणसास त्याच उंचीवर आपण बसलों आहों याची जाणीवही होत नाहीं. पट्टा आणि हवेची पिशवी हीं मृत्यूशीं थोडी घासाघीस करूं शकतात. हिशेब मिटवूं शकत नाहींत.

दुसरी मर्यादा मनुष्यस्वभावाची. सॅम पेल्ट्झमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७५ सालीं असें प्रतिपादन केलें, कीं मोटार अधिक सुरक्षित केली म्हणजे चालक अधिक धीट होतो, आणि साधनानें मिळविलेला लाभ बराचसा त्या धिटाईंत खर्ची पडतो. त्याच्या निष्कर्षांवर पुष्कळ वाद झाला, आणि तो संपूर्णपणें कोणी मानीत नाहीं. तथापि त्यांत तथ्याचा अंश आहे. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत जर्मनींतील म्यूनिच शहरीं कांहीं टॅक्सींना चाकें न घसरूं देणारे नवे ब्रेक बसविले, व कांहींना जुनेच ठेविले. नव्या ब्रेकांच्या टॅक्सींचे अपघात कमी झाले नाहींत. त्यांचे चालक वळणें अधिक झपाट्यानें घेऊं लागले होते! याच्या उलट गोष्ट स्वीडनची. तेथें ३ सप्टेंबर १९६७ रोजीं साऱ्या देशानें रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली. अपघात वाढतील अशी भीति होती. प्रत्यक्षांत कांहीं काळ ते घटले, कारण जो तो जपून चालवीत होता. नवी पद्धत अंगवळणीं पडली, भीति ओसरली, आणि अपघात पुन्हां पूर्वीच्या मानावर आले.

उत्तम रस्ता हाही असाच दुधारी आहे. नागपूरहून निघणारा ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग रुंद, सरळ व निर्वेध आहे. परंतु खड्डा नाहीं, वळण नाहीं, अशा एकसुरी रस्त्यावर चालकाचे डोळे मिटूं लागतात. १ जुलै २०२३ च्या रात्रीं बुलढाणा जिल्ह्यांत याच मार्गावर खाजगी बस उलटून पेटली, आणि २५ माणसें जळून मेलीं. झोंपेला दुभाजक अडवूं शकत नाहीं, आणि चालकास पुरेशी विश्रांति दिली आहे कीं नाहीं, हें कॅमेऱ्यास दिसत नाहीं.

राहतां राहिला कायदा. १९ मे २०२४ च्या पहांटे पुण्यांत कल्याणीनगरांत सतरा वर्षांच्या मुलानें चालविलेल्या महागड्या मोटारीनें दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. बाल न्याय मंडळानें त्यास त्याच दिवशीं जामीन दिला, व अपघातांवर तीनशें शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली. तेव्हां सारा महाराष्ट्र संतापला, आणि पुढें तो हुकूम फिरविण्यांत आला. संताप योग्यच होता. पण २०१९ सालीं मोटार कायद्यांत घातलेल्या कलम १९९ अ प्रमाणें अज्ञान मुलाच्या हातून असा गुन्हा घडल्यास पालकास वा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो, हें संतापणाऱ्यांपैकीं किती घरांस ठाऊक होतें? आणि ठाऊक असतांही कोपऱ्यावरच्या शिकवणीस जाण्यासाठीं पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास स्कूटरची किल्ली देणारीं घरें काय थोडीं आहेत? "आमचा बाळ फार सांभाळून चालवितो" असें आजी मोठ्या कौतुकानें सांगतात, आणि वडील ऐकून हंसतात.

येथेंच आमच्या मतें खरें मर्म आहे. कायदा चौकांत उभा राहतो. किल्ली मात्र घरांत खिळ्याला टांगलेली असते. ती कोणाच्या हातीं पडावी हें ठरविण्याचा अधिकार घरांतील कर्त्या माणसांचा आहे. परवाना मिळेपर्यंत कोणाही मुलास वाहन मिळणार नाहीं, मग काकांनीं रदबदली करो वा मामांनीं, एवढा एक नियम सर्वांनीं एकमतानें पाळावा. स्त्री असो वा पुरुष, दुचाकीवर पुढें बसो वा मागें, शिरस्त्राणावांचून निघूं नये. २०२२ सालीं तें न घातलेलीं ५०,०२९ माणसें दगावलीं. मोटारींत मागें बसणारानेंही पट्टा बांधावा. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा अंत झाला, तेव्हां मोटार उत्तम प्रतीची होती. मागील दोघांनीं पट्टे बांधलेले नव्हते, आणि तेच दोघे गेले. लग्नकार्यास रात्रभर गाडी हांकून पोंचण्याचा आग्रह आपण धरूं नये. आणि "अजून कसे आला नाहींत?" असा दूरध्वनि वाटेवरील माणसास वारंवार करूं नये, त्या काळजीनेंच तो गाडी अधिक पळवितो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, कीं मूल गाडी चालवावयास अठराव्या वर्षीं शिकत नाहीं. चार वर्षांचें असतां वडिलांच्या पुढें उभें राहून तें शिकूं लागतें. पोलीस नाहीं असें पाहून वडिलांनीं लाल दिवा ओलांडला, म्हणजे त्या दिवशींचा धडा त्यास मिळाला. पुढें कोणताही वर्ग तो पुसूं शकणार नाहीं.