गुंगीचे माप

आमच्या वळ गावात गोदामांच्या रांगा आहेत. तिथल्या खोक्यांवर आतल्या मालाचे वजन छापलेले असते. माणसाच्या अंगावर असे काही छापलेले नसते. म्हणून दुर्बिणीने फुप्फुस तपासायचे ठरले की डॉक्टर आधी वजन घेतात आणि मग बारीकसारीक प्रश्न विचारतात.

भिवंडी हे मागांचे गाव. कापसाची धूळ, विडी, क्षय यांची ओळख इथे कुणाला करून द्यावी लागत नाही. खोकला हटत नाही, थुंकीत रक्त दिसते, एक्स-रेमधल्या डागाचा उलगडा होत नाही, तेव्हा ब्राँकोस्कोपी करतात. १८९७ साली जर्मनीत फ्रायबर्ग येथे गुस्ताव किलियन यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गात अडकलेले हाड ताठ नळीतून बाहेर काढले. घसा बधिर करायला त्यांनी कोकेन वापरले होते. लवचीक नळी आली ती १९६०च्या दशकात, जपानच्या शिगेतो इकेदा यांच्यामुळे.

मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारा माणूस. त्यामुळे माझे लक्ष आधी शब्दांकडे जाते. बधिर करणे, गुंगी देणे आणि भूल देणे या तीन गोष्टींना आपण सरसकट 'भूल' म्हणतो. बधिर केल्यावर फक्त ती जागा मुकी होते. गुंगीत माणूस पेंगतो, पण हाक मारली की ओ देतो आणि स्वतःचा श्वास स्वतः घेतो. पूर्ण भुलीत हाकेला उत्तर नसते. या तपासणीत बहुधा पहिल्या दोन्ही गोष्टी लागतात. 'मला पार झोपवूनच करा,' असा हट्ट रुग्ण धरतात. पण ज्या वाटेने श्वास जातो, त्याच वाटेत नळी असते. गुंगी फार खोल गेली तर श्वास मंदावतो आणि रक्तातला प्राणवायू घटतो.

बधिर करायला लिग्नोकेन वापरतात. त्याची मर्यादा वजनाच्या दर किलोला साधारण ८ मिलिग्रॅम मानतात. म्हणजे ५० किलोच्या माणसाला सगळे मिळून ४०० मिलिग्रॅम. एक टक्का द्रावणाचे हे ४० मिलिलिटर होतात, दोन टक्क्यांचे फक्त २०. क्षयाने वाळलेल्या माणसाचे वजन अंदाजाने धरले तर हिशेब चुकतो आणि जास्तीचे औषध मेंदूला व हृदयाला बाधते.

गुंगीसाठी मिडाझोलम शिरेतून देतात. साठीच्या आतल्या धडधाकट माणसाला सुरुवातीला अडीच मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, साठीनंतर दीडपेक्षा जास्त नाही, अशी सर्वसाधारण रीत आहे. तेही निदान दोन मिनिटे घेऊन सावकाश. मग तेवढेच थांबून परिणाम पाहायचा आणि गरज असली तरच थोडे आणखी. सोबत फेंटानिल दिले तर दोन्ही औषधे एकमेकांचा जोर वाढवतात, म्हणून मात्रा आणखी घटवतात. २००८ साली ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने मिडाझोलमच्या तीव्र कुप्यांबद्दल इशारा दिला होता. औषध तेच, पण कुपी पाचपट तीव्र असली तर हात चुकतो. मिडाझोलमवर फ्लुमाझेनिल आणि फेंटानिलवर नॅलोक्झोन हे उतारे आहेत. ते हाताशी लागतात.

शेजारचे एक चाचा या चौकशीला वैतागले होते. 'दुखणे छातीत, आणि विचारतात दारू पिता का!' पण रोज दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याला नेहमीची मात्रा पुरत नाही, आणि त्याच दिवशी घेतलेली असेल तर तीच मात्रा जड होते. जुना दमा, काविळीचा आजार, झोपेतले जोरदार घोरणे, हेही सांगावे लागते. मुलासुनेसमोर हे बोलायचा संकोच वाटत असेल तर त्यांना खुशाल बाहेर बसायला सांगा. डॉक्टरांपाशी मात्र लपवू नका. तिथे अब्रूपेक्षा श्वास मोठा.

तपासणीनंतर माणूस नीट बोलतो, चालतो, तरी गुंगीचा अंश उरतो. ऐकलेले पुसले जाते. म्हणून डॉक्टरांच्या सूचना सोबतच्या माणसाने ऐकाव्यात. चोवीस तास मोटारसायकल, टेम्पो, फोर्कलिफ्ट, माग यांना हात लावू नये आणि कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा करू नये. घसा बधिर आहे तोवर पाण्याचा घोटही नको, तो चुकून श्वासनलिकेत उतरतो. एका दिवसाची मजुरी बुडते, हे खरे. पण आमच्या गावात यंत्रांवर उभ्या असलेल्या माणसाला एका डुलकीची किंमत काय पडते, हे वेगळे सांगायला नको.