लाडके नाव आणि व्यवहारनाम

घरात लाडाने रूढ झालेले नाव औपचारिक नाव म्हणून चालू शकते काय, हा प्रश्न वरवर पाहता कौटुंबिक आवडीनिवडीचा वाटतो. वस्तुतः तो भाषेच्या आणि समाजव्यवहाराच्या अभ्यासाचा विषय आहे. त्याचे एक ठळक उदाहरण वसईतच सापडते. मे १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसईचा किल्ला जिंकून घेणाऱ्या पेशवेबंधूचे मूळ नाव अंताजी असल्याचे इतिहासग्रंथांत आढळते. परंतु किल्ल्यातील स्मारक ज्या नावाचे आहे, ते नाव चिमाजी अप्पा. ‘चिमणा’ म्हणजे लहानगा आणि ‘अप्पा’ हे घरगुती संबोधन. म्हणजे ह्या नावाचे दोन्ही घटक घरातलेच आहेत.

मराठी कुटुंबांत दुसऱ्या नावाची गरज का पडे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. बारशाला आजोबा-पणजोबांचे नाव ठेवण्याची चाल होती. आणि सासरच्या वडीलधाऱ्यांचे नाव सुनेने उच्चारू नये, असा संकेतही होता. साहजिकच ठेवलेले नाव पाळण्यातच राही व हाक निराळ्याच नावाने मारली जाई. लोकमान्य टिळकांचे (१८५६–१९२०) पाळण्यातील नाव केशव. प्रसिद्धी पावले ते ‘बाळ’.

घरगुती नावांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला, मूळ नावाच्या संक्षेपाचा : सदाशिवाचा सदू, पांडुरंगाचा पांडू. दुसरा, वात्सल्यवाचक शब्दांचा : बाळ, चिमा, बबन, सोनू. तिसरा, मुलाला दृष्ट लागू नये, ते जगावे म्हणून मुद्दाम दिलेल्या क्षुद्र वस्तूंच्या नावांचा : धोंडू, दगडू, केरू. गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे ह्यांचे मूळ नाव विनायक होते, हे येथे लक्षणीय आहे.

ह्यांपैकी कोणते नाव औपचारिक होऊ शकते? अर्थाचा क्षुद्रपणा किंवा कोवळेपणा आड येत नाही, हे वरील उदाहरणांवरून उघड आहे. खरी कसोटी मराठी नामरचनेतच आहे. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचे नाव येते. म्हणून आजच्या बालकाचे नाव उद्या दुसऱ्याचे मधले नाव होणार असते. ही जागा जे नाव पेलते, ते खरे व्यवहारनाम. चिमाजी अप्पांचा पुत्र सदाशिवराव भाऊ कागदोपत्री ‘सदाशिव चिमणाजी’ होता. ‘चिमणा’ला ‘जी’ जोडला गेला आणि ते नाव प्रौढ झाले. महर्षी कर्व्यांचे पुत्र ‘रघुनाथ धोंडो’ म्हणूनच ओळखले गेले. उलट, टिळकांचे पुत्र ‘श्रीधर बळवंत’ झाले, ‘श्रीधर बाळ’ नव्हे. स्वतःपुरते ‘बाळ’ पुरले. पुढील पिढीच्या नावात मात्र त्याचे ‘बळवंत’ हे भारदस्त रूप आले.

आज ह्या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. पूर्वी नावे वापराने ठरत. आता ती नोंदीने ठरतात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची नोंद नावाशिवायही करता येते. नाव नंतर बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क आणि त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून दाखल करता येते. मात्र २०२३ च्या दुरुस्तीनुसार, १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थानाचा पुरावा ठरला आहे. अर्थात दाखल्यावरील नाव एक आणि शाळेतील नाव दुसरे, ही पूर्वी खपून जाणारी स्थिती आता मुलालाच त्रासदायक ठरेल.

तात्पर्य, लाडके नाव औपचारिक नाव म्हणून अयोग्य नसते. त्याला आदरार्थी प्रत्यय लागतो काय आणि उद्या ते कोणाच्या पित्याचे नाव म्हणून शोभेल काय, एवढे पाहावे. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर ते नाव निःशंकपणे दाखल्यावर लिहावे. नसेल तर ते घरासाठी राखून ठेवावे; हाक मारण्यासाठी कोणत्याही नावाला दाखल्याची गरज पडत नाही.