डोंगरात अडकल्यास पाठीवरच्या पिशवीत काय असावे?

बेंगळुरू : उत्तराखंडमधील सहस्रताल येथे जून २०२४ मध्ये हिमवादळात सापडलेल्या कर्नाटकच्या २२ सदस्यीय पथकातील नऊ जणांचा मृत्यू झाला, १३ जणांची सुटका करण्यात आली. तळावरचा तंबू दूर असताना असे वादळ आले, तर पाठीवरची पिशवीच हाताशी उरते.

नुसत्या थंडीपेक्षा ओले अंग आणि वारा अधिक घातक ठरतात. भिजलेला सुती कपडा ऊब देत नाही. म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कोरडे लोकरी कपडे, पाऊस व वारा अडवणारे जाकीट आणि शरीराची उष्णता परावर्तित करणारी चंदेरी चादर सोबत असावी. ही चादर मुठीत मावते, तरीही अनेकदा तीच घरी राहते.

चिक्की, पाणी, हेडलॅम्प आणि शिट्टीही हवी. मिनिटात सहा वेळा शिट्टी, मग मिनिटभर विराम, हा संकटाचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. थंडीत बॅटरी लवकर उतरते; मोबाइल अंगाजवळ ठेवावा.