दिव्यांची डबी, बोगदा आणि वीट

दोस्तांनो, तुमच्या घरात एक अशी डबी आहे, जी दिवसरात्र जागी असते. कपाटावर नाहीतर टीव्हीच्या मागे बसून ती दिवे लुकलुकवते. नेट बंद पडलं की सगळे तिच्यावर चिडतात. एरवी तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. ओळखलंत ना? बरोबर, राउटर! पण हा राउटर म्हणजे एक छोटा संगणकच आहे, बरं का. त्याला प्रोसेसर असतो, स्मृती असते आणि काय करायचं ते सांगणारी आज्ञावलीही असते. यंत्राच्या पोटातच मुक्काम ठोकलेल्या या आज्ञावलीला फर्मवेअर म्हणतात.

आता गंमत ऐका. डिसेंबर २००२ मध्ये लिंकसिस या अमेरिकन कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आणला. पुढच्याच वर्षी काही चौकस मंडळींच्या लक्षात आलं, की याच्या पोटात चक्क लिनक्स आहे! लिनक्स कोणालाही फुकट वापरता येतं. मात्र त्याच्या जीपीएल या परवान्यात एक अट आहे. ते घालून वस्तू विकलीत, तर त्याची मूळ आज्ञावलीही ग्राहकाला मिळाली पाहिजे. लोकांनी आग्रह धरला आणि २००३ मध्ये कंपनीने ती खुली केली. मग काय! २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या नावातलं 'डब्ल्यूआरटी' या राउटरवरूनच आलं. पुढे डीडी-डब्ल्यूआरटी आणि टोमॅटो ही भावंडंही आली. कंपनीने दिलेलं फर्मवेअर काढून आपल्या पसंतीचं बसवायचं, अशी ही युक्ती.

अशा राउटरवर बरेच जण व्हीपीएन चालवतात. व्हीपीएन म्हणजे काय? समजा, तुम्ही पत्र लिहिलंत, पाकिटात घातलंत आणि वर पत्ता लिहिलात. आतला मजकूर पोस्टमनला दिसत नाही, पण पत्र कोणाला चाललंय ते कळतं. आता तेच पाकीट आणखी एका मोठ्या पाकिटात घाला आणि त्यावर नागपूरच्या मावशीचा पत्ता लिहा. मावशी बाहेरचं पाकीट फोडेल आणि आतलं पुढे टपालात टाकेल. तुमच्या पोस्टमनला दिसेल ते फक्त मावशीचं नाव! व्हीपीएनमध्ये इंटरनेट कंपनी म्हणजे पोस्टमन, आणि दूरचा सर्व्हर म्हणजे मावशी. मोठं पाकीट असतं सांकेतिक भाषेचं. या वाटेलाच 'बोगदा' म्हणतात. बोगदा खणणाऱ्या आज्ञावल्यांपैकी ओपनव्हीपीएन २००१ मधली. वायरगार्ड त्यामानाने नवी; २०२० मध्ये ती थेट लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली.

मग हे फोनवर न करता राउटरवर का करायचं? कारण टीव्हीसारख्या अनेक वस्तूंवर व्हीपीएन बसवताच येत नाही. राउटरवर बसवलं की घरातल्या सगळ्यांची पत्रं एकाच बोगद्यातून जातात. पण फुकट काहीच नसतं. सांकेतिक भाषा म्हणजे भरपूर गणितं. राउटरचा प्रोसेसर लहानखुरा, त्यामुळे नेटचा वेग घटू शकतो.

आणि आता खरा प्रश्न. मावशीवर विश्वास आहे का? पोस्टमनला जे दिसत होतं, ते आता मावशीला दिसतं! कुठल्या साइटवर गेलात हे व्हीपीएन कंपनीला कळू शकतं. म्हणून 'फुकट व्हीपीएन' अशी जाहिरात दिसली, की आधी विचारा: मग यांचं पोट कशावर चालतं? भारतात 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये आदेश काढला, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवावी. त्यानंतर काही कंपन्यांनी आपले सर्व्हर भारताबाहेर हलवले. शिवाय बोगद्यात शिरलं म्हणजे माणूस अदृश्य होत नाही. आपल्या नावाने लॉगिन केलंत, तर समोरच्याला तुम्ही कोण ते कळतंच. आणि जो गुन्हा बाहेर गुन्हा, तो बोगद्यातही गुन्हाच.

आईबाबांनो, दोन गोष्टी तुमच्यासाठी. फर्मवेअर बदलताना मध्येच वीज गेली किंवा चुकीच्या मॉडेलची फाइल चढवली, तर राउटर बंद पडून नुसता ठोकळा उरू शकतो. जाणकार म्हणतात, 'राउटरची वीट झाली!' म्हणून डबीच्या पोटाखालच्या चिठ्ठीवरचं मॉडेल आणि आवृत्ती तंतोतंत जुळवा. फाइल प्रकल्पाच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या आणि काम वायफायवरून न करता केबल लावून करा. दुसरं म्हणजे, इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर बहुधा तिच्याच मालकीचा असतो. त्याला हात लावू नका. प्रयोग करायचा तर जुना, स्वतःचा राउटर घ्या आणि मुलांना शेजारी बसवून करा.

मुलांनो, बोगदा खणण्याआधी एक सोपं काम आजच करता येईल. मोठ्यांना विचारा, 'आपल्या राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललाय का?' उत्तर 'नाही' आलं, तर आधी तो बदलायला लावा. घराचं दार उघडं टाकून बोगदा खणण्यात काय शहाणपण?