व्यायाम ज्ञानकोशाचा राहिलेला खंड

बडोद्यात १९३६ ते १९४९ या काळात दत्तात्रेय चिंतामण करंदीकर (मुजुमदार) यांनी मराठी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. या गावाला गुरूंची वाण कधीच नव्हती. जुम्मादादा व्यायाम मंदिरात माणिकराव शिकवत होते. पुढे लोणावळ्याला कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. अशा ठिकाणी बसून आखाड्यातली विद्या छापील पानावर उतरवावी असे वाटणे, हेच मला या कोशाचे मोठेपण वाटते. उस्तादाची विद्या शिष्याच्या अंगात उतरते खरी, पण त्या पिढीत चांगला शिष्य मिळाला नाही तर उस्तादाबरोबरच जाते. मल्लखांबापासून दरीतल्या बचावापर्यंत दोरावरच्या कामाला तर हे दुप्पट लागू आहे. दोराची विद्या पुस्तकाने पुरी होत नाही, आणि पुस्तकावाचून ती सुरक्षितही राहत नाही.

कोशात मल्लखांबाला प्रशस्त जागा आहे. त्याच कुळातला दोरीचा मल्लखांब घ्या. दोरीला गाठ मारायची नाही, हा पहिला नियम. पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात दोरी धरायची, वर सरकायचे, मांडीभोवती वेढा घेऊन अढी घालायची आणि हात सोडायचे. वेढे वाढतात तसे घर्षण झपाट्याने वाढते; म्हणून बेचक्यातल्या थोड्याशा पकडीवर अख्खे शरीर तोलले जाते. दरीत उतरणारा बचावकर्ता डिसेंडर या उपकरणातून दोर फिरवून घेतो, तेव्हा हेच घर्षण त्याचा भार पेलते. कोणता वेढा आधी, भार कशावर, सुटका कोणत्या बाजूने, हे चांगले चित्र दाखवू शकते. बोटे किती आवळायची, हे मात्र दोरीच सांगते.

म्हणूनच अनुभवी माणसे आक्षेप घेतात की पोहणे आणि दोर पुस्तकातून येत नाहीत. पोहण्यापुरते ठीक, चूक झाली तर नाकातोंडात गेलेले पाणी लगेच समज देते. दोराच्या कित्येक चुका मात्र हाताला कळतच नाहीत. दोर दोन अँकरांना (पक्क्या आधारांना) बांधून मधोमध शंभर किलो भार लावला आणि दोन्ही पदरांमधला कोन अगदी लहान असला, तर प्रत्येक अँकरवर साधारण पन्नास किलो येतात. कोन १२० अंशांचा झाला की प्रत्येकावर पूर्ण शंभर. १५० अंशांवर तोच आकडा १९३ होतो. पाहणाऱ्याला मात्र ताठ ताणलेला दोर अधिक भक्कम वाटतो. वीस वर्षे दोर हाताळलेल्या माणसालाही हे हिशेबानेच कळते, आणि हिशेब कागदावर असतो. गाठीचेही तसेच आहे. आठाच्या गाठीत दोन्ही पदर शेवटपर्यंत शेजारी-शेजारी चालले पाहिजेत, शेपूट पुरेसे बाहेर राहिले पाहिजे. ही तपासणी लिहून ठेवली असेल तर नवखाही गुरूची गाठ तपासू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पुस्तक जुने होते आणि खोटा आत्मविश्वास देते. ज्ञानकोश पुरा झाला १९४९ मध्ये. आजचा कर्नमँटल दोर, ज्याचा आतला गाभा भार पेलतो आणि वरचे विणलेले कवच त्या गाभ्याला जपते, तो जर्मनीत १९५३ साली आला. गाभा दुखावला तरी कवच नव्यासारखे दिसू शकते, म्हणून सगळा दोर हातातून सरकवत, वाकवत, मऊ वा चपटी जागा शोधावी लागते. जुन्या पुस्तकात हे असणे शक्यच नव्हते. पण यातून निघते ते एवढेच की पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या पाहिजेत. खोट्या आत्मविश्वासावर उपाय पुस्तकातच छापता येतो: कोणता धडा जमिनीवर गिरवायचा, कोणता डोक्याएवढ्या उंचीवर, आणि जाणत्याने तपासल्यावाचून कोणता मुळीच नाही. ज्या पुस्तकात ही मर्यादा छापलेली नाही, ते दोर शिकवायला नालायक समजावे.

असे पुस्तक लागते कोणाला, तेही पाहू. बडोद्याजवळ जरोदला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची सहावी बटालियन असते. ९ जुलै २०२५ रोजी पादरा तालुक्यात महीवरचा गंभीरा पूल तुटला, तेव्हा दलाचे जवान आलेच; पण अशा वेळी आधी धावतात ती काठावरचीच माणसे. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात बस कोसळून दापोलीच्या कृषी विद्यापीठातली ३० माणसे गेली, तिथेही स्थानिक ट्रेकर्स दोर लावून दरीत उतरले होते. अशा मंडळींना गाठी, अँकर, पुली, स्ट्रेचर यांची सचित्र, तपासलेली माहिती त्यांच्या भाषेत, एका ठिकाणी मिळायला हवी. सह्याद्रीतल्या बचाव पथकांनी आणि बडोद्याच्या व्यायामशाळांनी एकत्र बसून ज्ञानकोशाचा अकरावा खंड लिहायला घ्यावा. पुढच्या पावसाळ्याआधी निदान गाठी आणि अँकर ही दोन प्रकरणे तरी छापून हाती पडावीत.